प्लॉटर, सामायिक (नागपूर)

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थ्यांनी मिळून वापरायचे, मोठ्या आरेखनांचे छपाईयंत्र. नागपुरात ते मुख्यतः वास्तुशास्त्र, स्थापत्य आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांना लागते. १९६० साली स्थापन झालेल्या आणि २००२ मध्ये एनआयटी झालेल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत या तिन्ही शाखा शिकवल्या जातात. राज्याच्या विविध खात्यांसाठी नकाशे तयार करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही त्याच आवारात आहे.

कॅलकॉम्पच्या १९५९ च्या प्लॉटरमध्ये पेन कागदावर रेघ ओढत असे, त्यामुळे दाट आरेखनाला वेळ लागे. ह्यूलेट-पॅकार्डचा डिझाइनजेट १९९१ मध्ये आला आणि शाईच्या फवाऱ्याची पद्धत रुळली. आता रांग अडते ती फाइलच्या आकारामुळे. ए-० कागदावर ३०० डीपीआयचे रंगीत चित्र उलगडले की सुमारे ४०० मेगाबाइट होते, आणि त्यामागे साध्या रेषांची दहा शीट ताटकळतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी हे हमखास घडते. म्हणून रेषाचित्रे आधी, रेंडर रात्री, आणि फाइल फक्त पीडीएफमध्ये, हा नियम योग्य होय. कॅडची मूळ फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फाँट आणि रेषांची जाडी बदलू शकते.

हिशेब पानांवर न ठेवता रोलच्या लांबीवर ठेवावा. ९१४ मिलिमीटर रुंदीच्या रोलवर ए-१ शीट उभे छापले तर ८४१ मिलिमीटर कागद जातो, आडवे फिरवून छापले तर ५९४. चाळीस जणांच्या तुकडीमागे जवळजवळ दहा मीटर कागद वाचतो. ही सेटिंग सर्व्हरवरच कायम करून ठेवावी; प्रत्येक विद्यार्थ्याने ती लक्षात ठेवावी ही अपेक्षा अन्यायाची आहे.

नागपूरच्या हवेत या यंत्राचे खरे हाल होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोरड्या उष्णतेत हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळते. उपाय म्हणून खिडकीला कूलर लावला, तर त्याच्या दमट हवेने कागद फुगतो, लाटा धरतो आणि अडकतो. प्लॉटरच्या खोलीत कूलर नको, एसीच हवा. वीज अचानक गेली तर हेड झाकणाखाली न जाता उघडेच राहते, म्हणून यूपीएसही आवश्यक. सुटीत काटकसर म्हणून मुख्य स्विच बंद करणे ही तर सर्वांत महागडी चूक: चालू यंत्र स्वतःच हेड साफ करत राहते, बंद यंत्र जूनमध्ये नवे हेड मागते. वापराने झिजण्यापेक्षा पडून राहून ही यंत्रे अधिक खराब होतात. सुटीतही आठवड्याला एक रंगीत चाचणीपट्टी काढण्याचे काम प्रयोगशाळा सहायकाकडे लेखी सोपवलेले असावे.

कागद अडकल्याची खबर रांगेतल्या प्रत्येकाला मिळणे हा या व्यवस्थेचा कणा. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या नव्या सामायिक प्रिंटरमध्ये नेमकी हीच सोय करायची होती. मूळ आज्ञावली त्यांना नाकारली गेली, आणि पुढे १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागे तो अनुभवही होता. आज लिनक्सवरील कप्स या मुक्त प्रणालीत रांगेची स्थिती ब्राउझरमध्ये दिसते. विद्यार्थ्यांना हॉस्टेलमधून ती पाहता आली, तर प्रयोगशाळेच्या दारातली गर्दी बरीच ओसरते.