अवजार की वस्तू? ‘पाटील सिस्टिम्स’ ते ‘सिरस लॉजिक’

हिंगोली किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, लाल आकडे क्षणभर खालीवर होतात आणि स्थिरावतात. शेतकऱ्याची नजर त्या आकड्यांवर खिळलेली असते. काट्याच्या तबकडीखालचा धातूचा ठोकळा वजनाने किंचित वाकतो. त्यातून निघणारा विजेचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करते ती नखाएवढी चिप.

वजनकाट्यांसाठी अशा चिप ज्या कंपन्यांनी बनवल्या, त्यांत अमेरिकेतील ‘सिरस लॉजिक’ हे एक नाव आहे. १९८१ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे नाव होते ‘पाटील सिस्टिम्स’. तिच्या हाती तेव्हा विकण्याजोगी चिप नव्हतीच. होती ती चिप रेखाटण्याची एक पद्धत.

या पद्धतीचे जनक सुहास पाटील. जन्म १९४४ चा, टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या जमशेदपूरमधला. १९६५ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतून पदवी, त्यानंतर अमेरिकेत एमआयटी, १९७० मध्ये तेथेच डॉक्टरेट आणि मग अध्यापन. संगणकशास्त्राचे विद्यार्थी त्यांना बहुधा नकळत ओळखतात, ते एका गमतीदार कोड्यामुळे.

कोडे असे. तीन विडीबाज बसले आहेत. एकाकडे तंबाखूचा अखंड साठा आहे, दुसऱ्याकडे कागदाचा, तिसऱ्याकडे काड्यांचा. एक वाटप्या दरवेळी यांपैकी कोणत्याही दोन वस्तू मध्ये ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी वस्तू आहे त्यानेच त्या उचलायच्या. मात्र चुकीच्या माणसाने आधीच एक वस्तू उचलली, तर सगळेच अडून बसतात. १९७१ मध्ये पाटलांनी हे कोडे मांडून असा दावा केला, की एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ घालण्यासाठी डच शास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी सुचवलेली ‘सेमाफोर’ नावाची साधने काही अटींखाली येथे अपुरी पडतात. १९७५ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी त्यावर तोडगा काढून दाखवला आणि पाटलांनी घातलेल्या अटी अवास्तव असल्याचे बजावले. वाद पार्नास यांनी जिंकला असे म्हणता येईल. पाठ्यपुस्तकांत कोडे मात्र पाटलांचेच राहिले.

हे कोडे विषयांतर नव्हे. अनेक कामे एकाच वेळी चालली असता त्यांत गोंधळ होऊ न देणे, हा पाटलांच्या संशोधनाचा गाभा होता आणि चिपच्या पोटात नेमके हेच घडत असते.

१९७५ मध्ये पाटील सॉल्ट लेक सिटी येथील युटा विद्यापीठात गेले. त्या काळी चिप कशी रेखाटली जात असे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कल्पनेचे महत्त्व कळत नाही. आधी तर्काचा आराखडा कागदावर उतरे. मग त्यातील प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक तार सिलिकॉनवर कोठे बसेल हे निष्णात आरेखक ठरवत. त्यानुसार ‘रुबिलिथ’ नावाचा लाल पापुद्र्याचा प्लास्टिकचा पत्रा धारदार पात्याने कापला जाई आणि त्याचे छायाचित्रणाने लहान रूप करून मास्क तयार होई. तर्क जाणणारा एक, जागा जाणणारा दुसरा, आणि दोघांमध्ये चुकांना भरपूर वाव. ट्रान्झिस्टर काही हजार होते तोवर हे निभले. त्यांची संख्या वाढू लागली तसे एकेका चिपच्या आरेखनात महिनोन्महिने जाऊ लागले.

पाटलांनी तर्क आणि जागा यांमधील भिंतच काढून टाकली. १९७९ मध्ये टेरी वेल्च यांच्यासह त्यांनी आयईईईच्या संगणकविषयक नियतकालिकात आपली पद्धत मांडली. ‘स्टोरेज लॉजिक अ‍ॅरे’ हे तिचे नाव. (हेच वेल्च पुढे १९८४ मध्ये माहिती आक्रसण्याच्या एलझेडडब्ल्यू या रीतीमुळे प्रसिद्ध झाले. जिफ चित्रे तिच्यावरच चालतात.)

पद्धत समजण्यास आलेखाची वही डोळ्यांपुढे आणावी. आडव्या ओळी, उभे स्तंभ, आणि प्रत्येक चौकटीत एखादे चिन्ह किंवा रिकामी जागा. एक, शून्य, ‘एस’ म्हणजे साठवणकोश भरणे, ‘आर’ म्हणजे रिकामा करणे, अशी मोजकी चिन्हे. ओळ किंवा स्तंभ हवा तेथे तोडता येई, त्यामुळे एकाच पटावर अनेक स्वतंत्र कामे मांडता येत. प्रत्येक चिन्हासाठी सिलिकॉनचा ठरावीक तुकडा आधीच रेखाटून ठेवलेला असे. अभियंत्याने वहीत चिन्हे भरली की तर्कही लिहून होई आणि चिपचा नकाशाही. तारा कोठून न्यायच्या हा वेगळा प्रश्नच उरत नसे. तलाठ्याच्या सातबाऱ्यातील नोंद आणि मोजणीचा नकाशा एकाच कागदावर, एकाच हाताने, विसंगतीला जागा न ठेवता तयार व्हावा, तसे हे होते. ज्यांनी बांधाचे वाद पाहिले आहेत त्यांना यातील सोय वेगळी सांगावी लागणार नाही.

या पद्धतीला दोषही होता. चौकटींची शिस्त पाळायची म्हणजे काही चौकटी रिकाम्या राहणार. कसलेला आरेखक हाताने जे दाटीवाटीने बसवी, त्याहून ही चिप थोडी ऐसपैस होई आणि सिलिकॉनवर जागा म्हणजे पैसा. वेळ वाचवायचा की जागा, हा खरा सौदा होता.

१९८१ च्या सुमारास अशी अवजारे विकणाऱ्या कंपन्यांचे जणू पीकच आले होते. डेझी, मेंटॉर ग्राफिक्स आणि व्हॅलिड याच काळातल्या. संगणकाच्या साहाय्याने चिप रेखाटण्याच्या या उद्योगाला पुढे ‘इलेक्ट्रॉनिक डिझाइन ऑटोमेशन’, थोडक्यात ईडीए, असे नाव पडले. पाटील सिस्टिम्स या लाटेवरची कंपनी. परंतु चित्र काढण्याचा फळा विकणे सोपे आणि विचार करण्याची रीत विकणे अवघड. मोठ्या चिप कंपन्यांकडे स्वतःचे आरेखक होते, स्वतःची अवजारे होती. त्यांनी आपली घडी मोडून एका प्राध्यापकाच्या चौकटींत चिन्हे का भरावीत?

१९८४ मध्ये कंपनी कॅलिफोर्नियात आली आणि तिचे नाव बदलून ‘सिरस लॉजिक’ झाले. सिरस म्हणजे आकाशात उंचावर पसरणारा पिंजलेल्या कापसासारखा ढग. सहसंस्थापक कामरान इलाहियान हे इराणी वंशाचे, युटा विद्यापीठातच शिकलेले. त्यांनी याआधी उभारलेली सीएई सिस्टिम्स हीदेखील अवजारांचीच कंपनी होती. १९८५ च्या आरंभी सिग्नेटिक्स या चिप कंपनीतून मायकेल हॅकवर्थ मुख्याधिकारी म्हणून आले. अवजार विकण्याचा विचार मागे पडला. ते आपल्याजवळच ठेवायचे आणि त्याच्या बळावर इतरांहून लवकर चिप काढायच्या, असे धोरण ठरले. स्वतःचा कारखाना घातला नाही. रेखाटन आपले, भट्टी दुसऱ्याची. आज ‘फॅबलेस’ म्हणून सर्वमान्य झालेली ही रीत तेव्हा धाडसाची होती.

काळ अनुकूल होता. घरगुती संगणकाची मॉडेल दर वर्षी बदलत आणि जो उशिरा येई तो बाद होई. तेथे चिप थोडी ऐसपैस असली तरी चालण्यासारखे होते. पाटलांच्या पद्धतीतील दोष अशा रीतीने बाजारानेच झाकला. हार्ड डिस्क नियंत्रित करणाऱ्या चिप, मग पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिप. १९८९ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. १९९१ मध्ये तिने टेक्सासमधील ‘क्रिस्टल सेमीकंडक्टर’ विकत घेतली. वजनकाट्याच्या चिपांचा वारसा तिच्याकडे आला तो या वाटेने.

त्याच सुमारास दुसऱ्या एका भारतीयाने नेमका उलटा मार्ग धरला होता. आयआयटी कानपूरचे पदवीधर प्रभू गोयल यांच्या ‘गेटवे डिझाइन ऑटोमेशन’ कंपनीत फिल मूर्बी यांनी ‘व्हेरिलॉग’ ही चिपचे वर्णन करण्याची भाषा घडवली. गोयल यांनी अवजार विकले. १९८९ मध्ये केडन्सने गेटवे कंपनीच विकत घेतली आणि लवकरच ती भाषा सर्वांसाठी खुली झाली. सिनॉप्सिसच्या सॉफ्टवेअरने त्या भाषेतील मजकुरातून तर्काचे जाळे आपोआप विणायला सुरुवात केली, तेव्हा चौकटीत चिन्हे भरण्याची गरज उरली नाही. पाटलांची पद्धत हरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण घरात जपून ठेवलेल्या अवजाराला बाहेर शिष्य मिळत नाहीत, आणि शिष्यांवाचून रीत टिकत नाही. व्हेरिलॉग आज महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शिकवली जाते. स्टोरेज लॉजिक अ‍ॅरेचे नाव जुन्या नियतकालिकांतच सापडते.

आज या अवजारांची बाजारपेठ मुख्यतः तिघांच्या हाती आहे: सिनॉप्सिस, केडन्स आणि मेंटॉर विकत घेतलेली सीमेन्स. ही मक्तेदारी किती धारदार आहे ते २०२५ मध्ये दिसले. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने चीनला ही सॉफ्टवेअरे देण्यावर निर्बंध घातले आणि जुलैच्या आरंभी ते उठवले. एका सहीवर एका देशाच्या अभियंत्यांची लेखणी थांबू शकते, हे साऱ्या जगाने पाहिले. भारतात सी-डॅकच्या बंगळुरूमधील ‘चिपइन’ केंद्रामार्फत महाविद्यालयांना जी अवजारे मिळतात, त्यांतील मुख्य अवजारेही याच कंपन्यांची आहेत.

सिरस लॉजिकने पुढे नव्वदच्या दशकात स्वतःचे धोरण मोडून आयबीएम आणि ल्युसेंट यांच्याबरोबर कारखान्यांत भागीदारी केली, मोठा तोटा सोसला, चित्रांच्या चिपांचा धंदा सोडला आणि ध्वनीच्या चिपांकडे वळून टेक्सासमधील ऑस्टिनला मुक्काम हलवला. आता तिचा सर्वांत मोठा ग्राहक अ‍ॅपल आहे. पाटलांनी १९९२ मध्ये उद्योजकांच्या ‘टाय’ या संस्थेची इतरांसह स्थापना केली आणि तिचे पहिले अध्यक्षपद सांभाळले.

त्या जुन्या चित्रांच्या चिपांपैकी एकीला मात्र विलक्षण दीर्घायुष्य लाभले. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या ‘क्यूईएमयू’ या मुक्त सॉफ्टवेअरने आपले आभासी चित्रकार्ड म्हणून सिरसच्या ५४४६ या चिपेची नक्कल निवडली. २०१४ पर्यंत तेथे मूळ पसंती तिलाच होती. चिप बाजारातून केव्हाच गेली, पण अनेक आभासी संगणकांच्या यंत्रसूचीत सिरस लॉजिक हे नाव नंतरही दिसत राहिले.