एकच बंदर, एकच मोठं विमानतळ आणि ६३ वर्षांनी परत आलेली ट्रेन: मॉरिशसमध्ये लोक प्रवास कसा करतात?

मॉरिशस म्हटलं की हनिमूनचे फोटो आठवतात. पण समुद्राने चहूबाजूंनी वेढलेल्या या देशात रोजचा प्रवास कसा होतो? मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या जवळपास निम्मं. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. एवढ्याशा देशाने एकदा आपली रेल्वे बंद केली आणि नंतर ती नव्याने उभी करायला मोठा खर्च केला.

रेल्वे का बंद झाली?

मॉरिशसमध्ये ब्रिटिशांच्या काळात, १८६४ मध्ये पहिली रेल्वे धावली. हेतू होता उसाचा. साखर कारखान्यांतून पोर्ट लुईस बंदरापर्यंत साखर पोहोचवायची, सोबत प्रवासीही न्यायचे. पुढे बस आणि ट्रक आले आणि रेल्वे तोट्यात गेली. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही बंद झाल्या.

मग परत का आणली?

रस्ते तुंबले म्हणून. देशात आज सहा लाखांहून जास्त वाहनं नोंदलेली आहेत, म्हणजे साधारण दोन माणसांमागे एक. राजधानी पोर्ट लुईस आणि क्युरपीप यांच्यामधल्या पट्ट्यात दाट वस्ती आहे आणि सकाळी सगळ्यांना एकाच दिशेला जायचं असतं.

२०१६ मध्ये भारताने मॉरिशसला ३५.३ कोटी डॉलरचं पॅकेज दिलं. त्यातला मोठा वाटा 'मेट्रो एक्स्प्रेस'साठी होता. काम केलं मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने. ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, २०२२ मध्ये मेट्रो क्युरपीपपर्यंत पोहोचली. गंमत म्हणजे हा मार्ग बऱ्याच ठिकाणी जुन्या रेल्वेच्याच वाटेवरून जातो.

मेट्रो नाही तिथे काय?

बस. मेट्रोचं जाळं ३० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे बाकी बेटाचा भार बसवरच आहे. २००५ पासून विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांना बसप्रवास मोफत आहे. दक्षिणेकडच्या विमानतळापासून पोर्ट लुईसमार्गे उत्तरेकडच्या ग्रां बेपर्यंत हमरस्ता जातो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

समुद्र बंद पडला तर?

तर देश थांबेल. इंधन, धान्य, औषधं, गाड्या असा जवळजवळ सगळा माल जहाजाने येतो आणि मुख्य व्यापारी बंदर एकच आहे, पोर्ट लुईस.

याच बंदराच्या काठावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून भारतातून आणलेले करारबद्ध मजूर इथे उतरले. त्यात मुंबईहून जहाजात बसलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. घाटाला २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

समुद्राचा धोकाही मोठा. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर अडकलं आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात पसरलं. ते अडवण्यासाठी लोकांनी उसाचा पाचोळा कापडात भरून तरंगते बांध तयार केले. विशेष म्हणजे हे जहाज मॉरिशसला येतच नव्हतं, ते जवळून ब्राझीलकडे निघालं होतं.

आणि विमान?

मुख्य बेटावर आंतरराष्ट्रीय विमानतळही एकच, प्लेझान्सचं सर शिवसागर रामगुलाम विमानतळ. मजुरांना मुंबईहून यायला कित्येक आठवडे लागायचे, आज थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. सुमारे ५६० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्स बेटावर विमान दीड तासात जातं, जहाजाला एक दिवसापेक्षा जास्त लागतो. दूरच्या अगालेगा बेटावर भारताच्या मदतीने बांधलेली नवी धावपट्टी आणि जेट्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. लष्करी वापराच्या शक्यतेमुळे तिच्यावर वादही झाला.

पण एकाच दारावर अवलंबून राहण्याची किंमत असते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या आणि पुढच्याच महिन्यात एअर मॉरिशस ही राष्ट्रीय विमान कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' चक्रीवादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या आणि विमानतळही बंद ठेवावं लागलं.

यातून काय कळतं?

मोठ्या देशात एक महामार्ग बंद झाला तर दुसरा असतो, एक बंदर थांबलं तर माल दुसरीकडे उतरवता येतो. मॉरिशसकडे ती सोय नाही. म्हणून तिथे मेट्रो, बंदर किंवा धावपट्टीचा निर्णय फक्त वाहतुकीचा राहत नाही. घरात गॅस, दुकानात औषध आणि हॉटेलातल्या माणसाला पगार मिळणार का, हेही त्यावर ठरतं.