परिचर्या-प्रशासकांची अर्थसाक्षरता
परिचर्या-प्रशासकांची अर्थसाक्षरता : रुग्णालयातील परिचर्या विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अर्थसंकल्प तयार करणे, ताळेबंद वाचणे, खर्चातील तफावतीची कारणे शोधणे आणि नव्या पदांची वा उपकरणांची मागणी आकड्यांनिशी मांडणे यांसाठी लागणारे ज्ञान. वेतन हा या विभागाचा सर्वांत मोठा खर्च असतो.

अमेरिकेत या विषयाला १९८३ नंतर विशेष महत्त्व आले. त्या वर्षी ‘मेडिकेअर’ या शासकीय आरोग्यविमा योजनेने निदानगटानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाचा मुक्काम लांबला तरी रक्कम सहसा तीच राहत असल्याने खर्चावरील नियंत्रण अटळ ठरले. परिचर्येचा खर्च मात्र बहुधा खोलीभाड्यातच धरला जातो. त्यामुळे हिशेबात तिचा खर्च दिसतो, उत्पन्न वेगळे दिसत नाही.

मनुष्यबळाचा हिशेब हे या ज्ञानाचे मुख्य अंग होय. उदा., २४ रुग्णांच्या कक्षात प्रत्येक रुग्णामागे दररोज ६ तासांची परिचर्या धरल्यास रोज १४४ व वर्षाला ५२,५६० तास लागतात. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका पूर्णवेळ पदाचे वार्षिक २,०८० तास होतात. म्हणजे सुमारे २५ पदे. रजा व प्रशिक्षण वजा जाता प्रत्यक्ष कामाचे १,८०० तास उरले, तर हीच गरज २९ पदांवर जाते. हा फरक अर्थसंकल्पात धरला नाही, तर तो जादा कामाच्या भत्त्यातून किंवा कंत्राटी परिचारिकांच्या खर्चातून भरून काढावा लागतो.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची चढती रचना आहे. रजेचे नियोजन, साठा नोंदवही आणि मागणीपत्रे यांतून तेथे खर्चाशी रोजचा संबंध येतो.