शुश्रूषेचे माप



'नर्सिंग होम' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते ते एखाद्या डॉक्टरांचे खाजगी इस्पितळ किंवा प्रसूतिगृह. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला तो प्रामुख्याने अशाच संस्थांसाठी. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ करता येत नाही, कूस बदलता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, अशा माणसांनी, बहुधा वृद्धांनी, जेथे राहावयाचे ते घर म्हणजे तिकडचे नर्सिंग होम. आपण त्याला शुश्रूषागृह म्हणू. अशा घरात होणारी शुश्रूषा चांगली की वाईट हे बाहेरच्याने कसे ओळखावे, या एका प्रश्नाचा तिकडचा इतिहास मी आज सांगणार आहे. विषय दूरचा वाटेल. पण ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आईबापांसाठी आता आपल्याकडेही अशी घरे निघू लागली आहेत, आणि पुष्कळदा ती निवडली जातात नुसती चित्रे पाहून.

या घरांची वाढ कायद्यातल्या एका अटीमुळे झाली, हे ऐकून नवल वाटेल. पूर्वी तिकडे निराधार म्हाताऱ्यांना सरकारी धर्मशाळावजा घरांत ठेवीत. ती घरे इतकी बदनाम झाली होती की, १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला तेव्हा सरकारी संस्थेत राहणाऱ्याला वृद्धसाहाय्याची रक्कम मिळू नये असे त्यात ठरले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की म्हातारी माणसे ती रक्कम घेऊन खाजगी घरांकडे वळली. पुढे १९६५ साली, अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत, गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च उचलणारी मेडिकेड योजना आली आणि या घरांना सरकारी तिजोरीचा झरा लागला. धंदा फोफावला. मग १९७० नंतरच्या दशकात सिनेटच्या समितीपुढे आणि वृत्तपत्रांतून एकेक हकीकत बाहेर येऊ लागली: खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवलेली माणसे, एकाच कुशीवर पडून राहिल्याने अंगाला पडलेले व्रण, गुंगीच्या औषधाने दिवसरात्र झोपवलेली दालने.

आता कोणी विचारील, सरकार पैसे देत होते तर तपासणी करीत नव्हते काय? करीत होते. रीतसर, छापील पत्रक घेऊन करीत होते. आणि आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

१९७५ साली कोलोरॅडो राज्यातील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या मेडिकेडच्या लाभार्थींच्या वतीने केंद्र सरकारविरुद्ध एक दावा दाखल झाला. तक्रार एखाद्या घराच्या मालकापुरती नव्हती. सरकारची तपासणी घराची होते, माणसाची होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खटल्यात ते सरकारी पत्रक पुढे आले. त्यात ५४१ प्रश्न होते. या ५४१ प्रश्नांपैकी रुग्णाच्या शुश्रूषेशी थोडाफार तरी संबंध असलेले, किंवा ज्यांच्यासाठी रुग्णाकडे एकदा पाहावे लागेल असे, किती निघावेत? फक्त ३०! बाकीच्या पाचशे अकरांचे उत्तर कचेरीत बसून देता येत होते. घराला लेखी नियमावली आहे काय, आहाराची व्यवस्था आहे काय, सेवा देण्याची सोय आहे काय? आहे, आहे, आहे. ती सोय असूनही पलीकडच्या खोलीतली म्हातारी सकाळपासून ओल्या अंथरुणात पडली आहे काय, हे त्या पत्रकाने विचारले नव्हते. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्या घरातल्या बायका जाणतात. येथे पातेले तपासून भात शिजला असा दाखला मिळत होता.

खालच्या न्यायालयाने घरांतील दोष मान्य केले, पण ते दूर करण्याची अशी जबाबदारी केंद्राच्या मंत्र्यावर नाही असे ठरविले. १९८४ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. ज्या घराला सरकार पैसे देते ते चांगली सेवा देऊ शकते एवढे कळणे पुरेसे नाही, ते प्रत्यक्ष देते काय हे कळले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. 'देऊ शकते' आणि 'देते' यांतला फरक कळायला नऊ वर्षे लागली.

हा फरक शास्त्राला ठाऊक नव्हता असे नाही. बैरुतमध्ये जन्मलेल्या आवेदिस दोनाबेदियन या आर्मेनियन डॉक्टराने १९६६ सालीच, उपचाराचा दर्जा पाहताना साधनसामग्री, प्रत्यक्ष कृती आणि रुग्णाला आलेले फळ अशा तीन ठिकाणी पाहावे, असे मांडले होते. सरकारी पत्रक यांतल्या पहिल्याच पायरीवर बसून राहिले, इतकेच.

याच सुमारास आणखी एक साधी गोष्ट घडली, आणि मला ती न्यायालयाच्या निकालाइतकीच मोलाची वाटते. शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या नागरिकांच्या एका संघाने १९८५ साली पंधरा शहरांतील चारशेहून अधिक निवाशांना एकत्र बसवून विचारले की, चांगली शुश्रूषा म्हणजे तुमच्या मते काय? त्यांना इमारतीचे किंवा यंत्रांचे अप्रूप नव्हते. सर्वांत अधिक बोलणे झाले ते शुश्रूषा करणाऱ्या माणसांबद्दल: ती पुरेशी आहेत काय, आपुलकीने वागतात काय. नंतर जेवण, करमणूक, स्वतःच्या मनासारखे काही करण्याची मोकळीक. ज्यांच्या सुखासाठी ही सारी खटपट, त्यांनाच विचारण्याची बुद्धी इतक्या उशिरा व्हावी!

१९८६ साली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि १९८७ च्या डिसेंबरात कायदा झाला. प्रत्येक निवाशाची ठराविक पद्धतीने तपासणी करून नोंद ठेवावी. शिक्षा म्हणून किंवा नोकरांच्या सोयीसाठी कोणास बांधू नये. सेविकांना निदान ७५ तासांचे शिक्षण द्यावे. निरीक्षकांनी निवाशांशी बोलावे आणि न कळवता यावे. तपासणीची वेळ आधी फोडणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड! जुन्या काळी दिपोटीसाहेब येणार म्हटले की शाळेच्या भिंती सारवल्या जात आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसत. अमेरिकेतही मनुष्यस्वभाव काही वेगळा नसावा. कायद्याचा गुण दिसला. पूर्वी शंभरांतील सुमारे चाळीस माणसे बांधलेली असत. पंचवीस वर्षांत तो आकडा दोन-तीनांवर आला.

येथे ही कथा संपली असती तर मलाही बरे वाटले असते. २००८ च्या अखेरीस सरकारने लोकांच्या सोयीसाठी प्रत्येक घराला एक ते पाच तारे देण्यास सुरुवात केली. तपासणीचा निकाल, नोकरांची संख्या आणि निवाशांच्या प्रकृतीचे आकडे, या तीन आधारांवर तारे ठरत. यांतला पहिला सरकारचा; उरलेले दोन घरांनी स्वतःच कळवायचे. २०१४ साली वृत्तपत्रांनी ही उणीव चव्हाट्यावर आणली, तेव्हा कोठे नोकरांची संख्या पगारपत्रकांवरून घेण्याचे ठरले. २०१८ पासून तारे त्यावर देण्यात येऊ लागले.

प्रकृतीच्या आकड्यांचे काय? पट्टे गेले, पण गुंगी राहिली. मनोविकाराची औषधे किती जणांना दिली जातात हे सरकार मोजू लागले. मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ती द्यावीच लागतात, म्हणून असे रुग्ण मोजणीतून वगळले होते. हा आजार बहुधा तारुण्यात उद्भवतो. तरी घराघरांतून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांच्या कागदावर तो प्रथमच उमटू लागला! २०२३ च्या जानेवारीत केंद्राने या निदानांची झडती घेण्याचे जाहीर केले. ज्या घराला निदानाचा आधार दाखवता येत नाही त्याचे तारे कमी होतात.

म्हणून कोणी मला विचारले की आईसाठी घर पाहावयाचे आहे, काय पाहू, तर मी त्याला एवढेच सांगतो: पत्रिका घरी ठेव आणि रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, न कळवता जा. कोण भरवते आहे, किती जणांना भरवते आहे, आणि भरवताना त्यांच्याशी बोलते आहे की नाही ते पाहा. कोणी हाक मारली तर किती वेळाने कोण येते ते घड्याळ लावून मोज. मग तिथल्याच एका आजोबांच्या खाटेपाशी बसून त्यांना विचार, आज दिवसभरात काय काय झाले.