गोऱ्ह्याचा भाव कोण ठरवतं?

हा भाग ऐकायचा राहिला असेल, बसमध्ये नेट गेलं असेल, तर इथं वाचा. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय.

माझं आजोळ राळेगणसिद्धी. पुणे-नगर हायवेवर वाडेगव्हाणला वळायचं, तेच गाव. गावाचं नाव घेतलं की लोक पहिला प्रश्न अण्णांबद्दल विचारतात, पण आजचा विषय मामाच्या गोठ्यातला आहे. मागच्या दिवाळीत मी तिथं होतो. पहाटे गाय व्याली. मामा वाकून बघून आला, हात धुतले आणि मामीला एवढंच म्हणाला, "गोऱ्हाच झाला." मामीनं चहा ठेवला. कुणीच काही बोललं नाही.

कालवड झाली असती तर मला पेढा मिळाला असता. हा फरक मला माहीत होता, पण त्याचं कारण कधी शोधलं नव्हतं. मी कोड लिहितो, शेती करत नाही. त्या दिवशी मात्र बसून मामाला प्रश्न विचारले, पुण्याला आल्यावर कायदे वाचले, आणि लक्षात आलं की गोऱ्ह्याची किंमत शून्यावर येण्याला चांगला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे.

माझ्या आजोबांच्या काळी गोऱ्हा झाला की आनंदच व्हायचा. विहिरीवर मोट होती. मोट ओढायला बैल, नांगराला बैल, गाडीला बैल. खिल्लार गाईचा देखणा खोंड म्हणजे घरची ठेवच. भाव दातांवर ठरायचा: आदत, दुसा, चौसा, सहा दाती आणि मग जुळलेला. दोन दातांचा चपळ खोंड आणि जुळलेला म्हातारा बैल यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक.

सौदा व्हायचा रुमालाखाली. अजूनही होतो. घोडेगावला, काष्टीला, बेल्ह्याला जाऊन बघा. हेडी आणि मालक एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. तेच बोट हजाराचं की दहा हजारांचं, हे दोघांना माहीत. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मी कॉलेजात असताना हे पाहून म्हणालो होतो, "मामा, हे तर एन्क्रिप्शन आहे!" मामा म्हणाला, "आणि की हेड्याकडं असते." बरोबर होतं त्याचं. हेडी दिवसाला पन्नास सौदे बघतो, शेतकरी वर्षाला एक. कालचा भाव कुठं नोंदलेला नसतो, मग शेतकरी भांडणार कशाच्या जोरावर?

मग मोटा गेल्या, इंजिनं आणि विजेचे पंप आले. पुढं ट्रॅक्टर. तिकडं १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ सुरू केली आणि गावोगाव संकरित गाई पोचायला लागल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. राळेगणमध्ये याच काळात चराईबंदी आली. मोकाट चारायचं नाही, डोंगरावर गवत वाढू द्यायचं, जनावर गोठ्यात बांधून खायला घालायचं. गावाबद्दलच्या लिखाणात एक आकडा नेहमी येतो: १९७५ च्या आधी दिवसाला १०० लिटरच्या आसपास असणारं दूध पुढं अडीच हजार लिटरपर्यंत गेलं. अवर्षणप्रवण पारनेर तालुक्यात ही गोष्ट लहान नाही.

पण बांधून खायला घालायचं म्हटलं की प्रत्येक दावणीचा हिशोब होतो. डोंगरावर चरणारा गोऱ्हा जवळजवळ फुकट वाढायचा. गोठ्यातला फुकट वाढत नाही. त्यातून संकरित बैलाला वशिंड जवळजवळ नसतं, त्यामुळं जू नीट बसत नाही आणि उन्हात तो दमतो. म्हणजे जी गाय दुधाला उत्तम, तिचा मुलगा औताला कच्चा. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फीचर आलं आणि दुसरं मोडलं.

आता माझा हिशोब. तो मी मामाच्याच गोठ्यात मोबाईलवर केला. वासराला तीन महिने रोज तीन लिटर दूध, तीस रुपयांनी धरलं तरी ८,१०० रुपये. त्यानंतर पुढचे पंधरा महिने घास, मुरघास, थोडी पेंड, रोज साठ रुपये धरले तर २७,००० रुपये. दीड वर्षात पस्तीस हजार. मामानं स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "आणि विकायचा कुणाला, ते पण सांग की."

याच प्रश्नावर जग वेगवेगळं वागतं. आयर्लंडमध्ये दुधाच्या आणि मांसाच्या गाईंचे गोऱ्हे खास मांसासाठी तयार करतात, काही तर सोळा महिन्यांच्या आत. तिथं शेतकरी 'फॅक्टरी'शी, म्हणजे कत्तलखान्याशी भाव बोलतो. सोललेल्या धडाला आकारासाठी इ, यू, आर, ओ, पी अशी अक्षरं मिळतात, चरबीला एक ते पाच आकडे, आणि त्यावर किलोचा दर ठरतो. ऐकायला फार पारदर्शक! तरी २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथले शेतकरी फॅक्टऱ्यांच्या गेटवर बसलेच होते, कारण ग्राहकाच्या पैशातला आपला वाटा फार कमी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे तराजू असला तरी भांडण संपत नाही. पण निदान कशावरून भांडायचं ते कागदावर असतं.

आपल्याकडं मांसासाठी गोऱ्हा 'तयार' करण्याचा धंदा कधी उभाच राहिला नाही. यातला कायद्याचा भाग मला सगळ्यात रोचक वाटला. सगळ्यांना वाटतं की बंदी २०१५ मध्ये आली. पण १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातच गाय आणि तिची वासरं, नर असो की मादी, कापायला मनाई होती. बैल आणि वळू चालायचे, पण दाखला लागायचा. दाखला कुणाला? औताला, पैदाशीला कामाचा राहिला नाही अशा जनावरालाच. म्हणजे कायदा म्हणत होता: निकामी विका. तरणाताठा, पोसलेला खोंड त्या चौकटीत बसतच नव्हता. त्यामुळं बाजारात जो भाव मिळायचा तो थकलेल्या बैलाचा, उरलेल्या हाडा-मांसाचा. अशा बाजारासाठी गोऱ्ह्याला पेंड चारायची इच्छा कुणाला होईल?

त्यामागं सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा निकाल होता. बिहारच्या मोहम्मद हनीफ कुरेशी प्रकरणात न्यायालय म्हणालं, गाईवर पूर्ण बंदी चालेल, पण उपयोग संपलेल्या बैलावर नाही. २००५ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं हे मत बदललं. म्हातारा बैलही शेण आणि गोमूत्र देतो, तो निकामी नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. महाराष्ट्राचं दुरुस्ती विधेयक १९९५ पासून पडून होतं. त्याला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

मामाचा त्या वेळचा एक सौदा मला आठवतो. २०१४ मध्ये त्याचा एक संकरित खोंड साडेआठ हजाराला गेला होता. २०१६ मध्ये तशाच खोंडाला व्यापाऱ्यानं रुमालाखाली दोन बोटं दाबली, म्हणजे दोन हजार. मामानं हात काढून घेतला. दुसऱ्या बाजाराला तो व्यापारी आलाच नाही. गाडी रस्त्यात अडवली तर कोण सोडवणार, असं त्यानं फोनवर सांगितलं. खोंड परत घरी आला आणि आणखी वर्षभर खात राहिला. शेवटी नात्यातल्या एकानं शेणखतासाठी नेला, तोही फुकट.

श्रद्धेचा प्रश्न मी इथं सोडवणार नाही, माझी पात्रता नाही. मामा स्वतः गाईला नमस्कार केल्याशिवाय धार काढत नाही. पण त्याचा राग साधा आहे: "पुण्य सगळ्यांचं, वैरण माझी." सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटलं आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. मामाचा गोऱ्हा संकरित, आणि गोठा म्हणजे गोशाळा नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात बाजूला उसाचं बघा. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला. आज उसाला एफआरपी आहे, कारखान्याला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या आदेशाचा नियम आहे. तो किती पाळला जातो हा वेगळा एपिसोड होईल. दुधाला निदान फॅट आणि एसएनएफची पावती मिळते. म्हशीच्या रेडकाचीसुद्धा कुणी दखल घेतली होती: अकराव्या पंचवार्षिक योजनेत नर रेडकं वाचवून वाढवण्यासाठी केंद्राची योजना होती, कारण म्हशीचं मांस निर्यात होतं. गाईच्या गोऱ्ह्याला ना पावती, ना दर, ना योजना.

एकच दार पुन्हा उघडलं, ते शर्यतीचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर पळणाऱ्या खिल्लार खोंडाचे भाव लाखांत गेले. इन्स्टाग्रामवर तुम्ही ते रील बघता ना, तेच. काळ्या-पांढऱ्या होल्स्टिनला मात्र तिथं कुणी विचारत नाही.

सध्या मामाचा भरवसा लिंगनिर्धारित वीर्यमात्रेवर आहे. दहातल्या साधारण नऊ वेळा कालवड होते. म्हणजे भाव मिळत नाही म्हणून गोऱ्हा जन्मालाच येऊ द्यायचा नाही. परवा डॉक्टर येऊन भरून गेले. दिवाळीतला गोऱ्हा अजून दावणीला आहे, मामीनं त्याला मक्याची ताटं टाकायला सुरुवात केलीये, आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो येतो. खाली एकच ओळ असते: "गिऱ्हाईक बघ रे पुण्याला."