जुनी पिकअप घरच्या घरी पुन्हा उभी करायची आहे? रंगाच्या आधी आरसी आणि चेसिस बघा

माणचं नाव आज निघतं ते राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे, नाहीतर माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोमुळे. पण आयटी पार्क येण्याआधी इथे भातखाचरं होती. मुळशीचा आंबेमोहर, दूध, भाजी हा सगळा माल पुण्यात पोहोचवायला घरची गाडी लागायची. त्या काळातली एखादी टाटा २०७ किंवा मॅटॅडोर या भागात अजूनही घरामागे ताडपत्रीखाली उभी दिसते. आरसीवर आजोबांचं नाव, हौद्यात जुने पत्रे आणि चाकांत हवा नाही. भंगारवाला भाव सांगून जातो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "थांबा, आपण ती चालू करू."

चालू करणं हे खरं तर त्यातलं सोपं काम. बऱ्याचदा नवी बॅटरी आणि ताजं डिझेल मिळालं की जुनं इंजिन धूर सोडत का होईना, सुरू होतं. अडचण त्यानंतर येते. उत्साहात आधी रंगकाम होतं, मग इंजिन उघडलं जातं, मग ब्रेककडे लक्ष जातं आणि सगळ्यात शेवटी कळतं की चेसिस आतून गंजली आहे किंवा कागदच पूर्ण नाहीत. तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून क्रम बरोबर उलटा हवा: आधी कागद, मग चेसिस, मग इंजिन आणि ब्रेक, शेवटी पत्रा आणि रंग.

या गाड्या आल्या कुठून?

पुणे जिल्ह्याचं आणि छोट्या मालवाहू गाड्यांचं नातं जुनं आहे. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीची सुरुवात १९५८ ची. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर तिने तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला घेतल्या. कंपनीचं ते नाव मराठीत इतकं रुळलं की आज कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण 'टेम्पो'च म्हणतो. मॅटॅडोरही याच कंपनीची. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

टेल्को म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने १९८६ मध्ये ४०७ आणली आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप. पुढे त्याच घराण्यात २०७ आली. २०६ मधलं सुमारे २ लिटरचं डिझेल इंजिन नंतर सिएरा, इस्टेट आणि सुरुवातीच्या सुमोमध्येही बसवलं गेलं. घरी दुरुस्ती करणाऱ्याला या माहितीचा थेट उपयोग आहे: इंजिनाचा पार्ट पिकअपच्या नावाने मिळाला नाही, तरी सुमोच्या नावाने मिळू शकतो.

पहिली पायरी: कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी शोधा. तिच्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते तपासा. चेसिस नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो. त्यावर गंज असेल तर ग्राइंडर चालवू नका. मऊ ब्रश आणि थोडं डिझेल वापरून तो भाग साफ करा आणि फोटो काढून ठेवा. नंबर घासला गेला तर गाडी कितीही छान झाली तरी आरटीओत अडकेल.

गाडी मयत व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा. अनेक घरांत ही मुदत केव्हाच उलटलेली असते. काम तरीही होतं, पण उशिराचा दंड आणि वारसांची संमती ही तयारी ठेवावी लागते. भावकीत जमिनीचा वाद असेल तर गाडीवरची सहीसुद्धा सहज मिळत नाही, हे माणसारख्या गावात वेगळं सांगायला नको. ती सही कामाला हात लावण्याआधी घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात.

जुनं कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. तो उतरवून घ्या. थकलेला कर, पर्यावरण कर आणि जुनी चलनं यांचीही एकदाच बेरीज करा. महाराष्ट्रात ८ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक आणि १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनांना पर्यावरण कर लागतो.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी बाद झाली का?

नाही. हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्या भंगारात काढण्याचा नियम सरकारी मालकीच्या वाहनांसाठी आहे. आपल्याकडे खासगी मालकीच्या गाडीचा निकाल तिच्या वयावर नाही, तर फिटनेसवर लागतो.

पिकअप सहसा व्यावसायिक मालवाहू वाहन म्हणून नोंदलेली असते, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. अशा गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो आणि वय वाढेल तशी फीही वाढते. गाडीचं मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटची गरज नसते. विमा आणि पीयूसी मात्र हवेच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

दुसरी पायरी: चेसिस

जुन्या पिकअपची ताकद तिच्या शिडीसारख्या फ्रेममध्ये असते. केबिन आणि हौदा या फ्रेमवर नटबोल्टने बसवलेले असतात. पत्रा सडला तर बदलता येतो. फ्रेम सडली असेल तर घरी करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. हौद्याखालची माती धुऊन काढा आणि छोट्या हातोडीने फ्रेमवर टकटक करत पुढून मागे या. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर खपली निघून आत गेला तर तिथे लोखंड उरलेलं नाही. मागचे पाटे जिथे फ्रेमला टांगलेले असतात ती जागा, केबिनचे माउंटिंग, स्टिअरिंग बॉक्स बसतो तो भाग आणि आडवे दांडे जोडलेत ते कोपरे नीट पाहा. मुळशीच्या पावसात चिखल याच कोपऱ्यांत साठतो आणि वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो.

वरवरचा गंज घासून, रेड ऑक्साइड मारून थांबवता येतो. पण पाट्याच्या हँगरजवळ किंवा स्टिअरिंगजवळ भोक पडलं असेल, चीर गेली असेल किंवा फ्रेम वाकली असेल, तर जाणकार फॅब्रिकेटरला दाखवल्याशिवाय पुढे एक रुपयाही घालू नका. वरून पट्टी ठोकून काळा रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे. टनभर माल घेऊन घाट उतरताना ती पट्टी सुटली तर काय होईल, याचा विचार करा.

तिसरी पायरी: इंजिन, पण चावी नंतर

अनेक वर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आधी जुनं ऑइल काढा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय आणि हेड उघडावं लागेल. नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाला. हीटर प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडकलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं तर पुढे जा.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, कारण तळाशी गाळ आणि पाणी असतं. फिल्टर आणि रबरी पाइप बदला. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकाम्या टाकीतली वाफसुद्धा पेट घेते. डिझेल पंप आणि नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर तपासून घ्या, हे काम अंगणात होत नाही. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असेल तर फ्यूज थेट तारेने जोडायचा मोह टाळा. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार काढा, नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो.

चौथी पायरी: ब्रेक आणि टायर

इथे काटकसर चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि त्यामुळे मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आतून गंजतात. पेडल घट्ट लागतंय म्हणजे ब्रेक चांगले आहेत असं समजू नका. रबर किट, होज पाइप आणि ऑइल सगळंच नवं घाला. लोखंडी ब्रेक पाइपवर गंजाचे खड्डे दिसले तर तोही बदला. ड्रमला चर पडले असतील तर टर्नरकडे लेथवर साफ करून घेता येतात, पण ठरलेल्या मापापलीकडे ड्रम मोठा झाला तर तो टाकूनच द्यावा लागतो. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवेच्या झोताने साफ न करता ओल्या फडक्याने पुसा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी भुलू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१२ म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा. इतका जुना टायर वरून नवा दिसला तरी आतून कडक झालेला असतो.

आणि एक नियम रोज पाळायचा: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही झोपायचं नाही. खाली घट्ट, सपाट जमीन हवी आणि लोखंडी स्टँड हवेत. विटांची चळत वजनाने अचानक फुटते.

पार्ट कुठे शोधायचे?

नवे पार्ट पुण्यात नाना पेठेच्या बाजारात मिळतात. छोटंमोठं सामान, हत्यारं आणि जुन्या काचा, दिवे यासाठी मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगार गोदामांचा मोठा पसारा होता, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथे मोठी पाडकाम कारवाई केली. त्यामुळे जुन्या ओळखीवर निघण्याआधी फोन करून खात्री करा.

जुना पार्ट घ्यायला हरकत नाही, पण ब्रेक आणि स्टिअरिंगचे पार्ट नवेच घ्या. संपूर्ण जुनं इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. इंजिन नंबर बदलला की तो आरसीवर चढवावा लागतो, आणि चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर त्रास तुम्हाला होणार.

शेवटी पत्रा आणि रंग

केबिनची फरशी, दरवाज्याचा तळ आणि फाळका हे भाग आधी सडतात. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. भोकावर पुट्टी भरली तर एका पावसाळ्यात ती सुटते. हे काम दिवाळीनंतर काढा. जून ते सप्टेंबर मुळशीत हवाच इतकी ओली असते की घासलेल्या पत्र्यावर लगेच गंज धरतो. घासलं त्याच दिवशी प्रायमर मारायचा.

रंग बदलायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, आरसीवर रंगाची नोंद असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीपेक्षा वेगळे फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्यामुळे हौदा वाढवणं, मोठी चाकं बसवणं किंवा वेगळं इंजिन टाकणं आधी आरटीओत विचारूनच.

'व्हिंटेज' नोंदणीचा मार्गही इथे फारसा उपयोगाचा नाही. २०२१ चे नियम ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी आहेत. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. शिवाय १९८८ च्या पहिल्या टाटामोबाइललाही ५० वर्षं पूर्ण व्हायला २०३८ उजाडेल.

मग दुरुस्त करायची की भंगारात द्यायची?

कागद जुळतात, वारसांच्या सह्या आहेत आणि चेसिस खणखणीत आहे, तर गाडी वाचवण्यासारखी आहे. मग इंजिन, ब्रेक-टायर आणि पत्रा-रंग असे तीन वेगळे अंदाज घ्या आणि तिसऱ्याचे पैसे पहिली दोन कामं पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. खोलणं, साफसफाई, ऑइल-फिल्टर, गंज घासणं, प्रायमर ही कामं घरची माणसं करू शकतात. चेसिसचं वेल्डिंग, डिझेल पंप, लेथकाम आणि ब्रेकची शेवटची तपासणी कारागिराकडेच. फिटनेस संपलेला असेल तर गाडी तपासणीला चालवत नेऊ नका, टो करून न्या. काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमार्फत पुनर्वापरासाठी द्या.

चेसिस गेली असेल तर मात्र मन घट्ट करावं लागतं. तेव्हाही गाडी नुसती भंगारवाल्याच्या हवाली करू नका. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना सवलतीसाठी ते कामी येतं. आरसी रद्द केली नाही तर गाडी तुकड्या-तुकड्यांत विकली गेली तरी कागदावर ती तुमच्याच घराची राहते, करासकट.