एक्स-संलग्न हायपोफॉस्फेटेमियातील रक्तनिदर्शक

एक्स-संलग्न हायपोफॉस्फेटेमिया हा सुमारे २०,००० जन्मांमागे एक या प्रमाणात आढळणारा आनुवंशिक अस्थिविकार आहे. त्याचे निदान करण्यासाठी व उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी बालकांच्या रक्तातील ज्या घटकांचे मापन केले जाते, त्यांना या विकाराचे रक्तनिदर्शक म्हणतात. ड जीवनसत्त्वाला दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णन फुलर ऑलब्राइट यांनी १९३७ मध्ये केले. विकारास कारणीभूत असलेले फेक्स जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. या जनुकातील दोषामुळे अस्थिपेशी एफजीएफ-२३ हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवतात, मूत्रपिंडांवाटे फॉस्फेट वाहून जाते आणि हाडे मऊ राहून पाय वाकतात.

प्रमुख निदर्शक

रक्तातील फॉस्फेट कमी असणे व अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असणे ही मुख्य लक्षणे होत. कॅल्शियम सहसा प्राकृत असते. मुलांचे प्राकृत फॉस्फेट प्रौढांपेक्षा जास्त, साधारणतः ४ ते ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. अहवालावर केवळ प्रौढांची मर्यादा छापलेली असल्यास ३ हा आकडा निर्दोष वाटतो व निदान निसटते. रक्तद्रव वेगळा करण्यास विलंब झाल्यास तांबड्या पेशींतील फॉस्फेट बाहेर पडून आकडा फसवा वाढतो. तालुक्याहून जिल्ह्याला नमुना पाठवताना ही बाब महत्त्वाची ठरते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत फॉस्फेट प्राकृतही असू शकते. अल्कलाइन फॉस्फटेज उलट कमी आढळल्यास हायपोफॉस्फटेशिया या वेगळ्याच विकाराचा विचार करावा लागतो.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे, अशी भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे. वाकलेले पाय हे फ्लोरोसिसचे, ड जीवनसत्त्वाच्या अभावाचे किंवा प्रस्तुत विकाराचे लक्षण असू शकते. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊनही अल्कलाइन फॉस्फटेज उतरत नसेल, तर उपाशीपोटी रक्त व लघवी एकाच वेळी घेऊन मूत्रपिंड किती फॉस्फेट राखते हे काढतात. फॉस्फेट व अल्कलाइन फॉस्फटेज या चाचण्या स्वस्त असून लातूर व नांदेड येथेही होऊ शकतात. एफजीएफ-२३ व जनुकीय चाचणीसाठी मात्र नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे दुर्मिळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील उत्कृष्टता केंद्र आहे.

उपचारकाळातील उपयोग

पारंपरिक उपचारात तोंडावाटे फॉस्फेट दिवसातून अनेकदा व सोबत सक्रिय ड जीवनसत्त्व देतात. प्रत्येक मात्रेनंतर फॉस्फेट थोडा वेळ चढून पुन्हा उतरते. म्हणून ते प्राकृत करण्याचा अट्टहास धरत नाहीत. तसे केल्यास परावटू ग्रंथी उद्दीपित होतात व मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. प्रगतीचे माप म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज पाहतात. २०१८ मध्ये अमेरिका व युरोपात मान्यता मिळालेले बुरोसुमॅब हे प्रतिपिंड एफजीएफ-२३ ला निष्प्रभ करते. त्या उपचारात उपाशीपोटीचे फॉस्फेट हा मुख्य मापदंड असतो आणि एफजीएफ-२३ चे मापन निरर्थक ठरते.

बाधित पित्याच्या सर्व मुलींना हा विकार होतो, मुलांना होत नाही. बाधित मातेच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे एका बालकाचे निदान झाल्यावर भावंडांचेही फॉस्फेट तपासतात.